रागसंगीताच्या कानाने जॅझ कसे ऐकावे : एका अल्बमची वाट

नवे संगीत ऐकायला सुरुवात करायची असे ठरले की बहुतेक जण आधी यादी करतात. ऐकायलाच हवेत असे शंभर अल्बम जमवले जातात, आणि ती यादी चौथ्या-पाचव्या नावापाशी थकून थांबते, कारण प्रत्येक अल्बम एकेकदाच ऐकला जातो आणि एकदा ऐकून कोणतेही अनोळखी संगीत आपले होत नाही. माझे सांगणे वेगळे आहे. एकच अल्बम निवडावा, तो असा निवडावा की त्यात आपल्या ओळखीचे काहीतरी हाताशी लागेल, आणि निदान महिनाभर त्याला सोडू नये. मराठी घरांत हे कित्येकांच्या बाबतीत आपोआप घडलेले आहे. पंडित भीमसेन जोशी यांचे अभंग ऐकत वाढलेल्या माणसाला पुढे त्याच गळ्यातला तासाभराचा ख्याल परका वाटत नाही, कारण आवाजाशी ओळख आधीच झालेली असते.

ही वाट जॅझसाठी कशी चालावी ते येथे सांगतो. ज्यांनी रागसंगीत थोडेफार ऐकले आहे, ज्यांना तीनतालाची सम बोटांवर सापडते, पण जॅझ लागले की जे गोंधळतात, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. अल्बम आहे अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचा ‘काइंड ऑफ ब्लू’. न्यूयॉर्कमधील कोलंबिया कंपनीच्या तिसाव्या रस्त्यावरील स्टुडिओत २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ अशा दोन दिवसांत तो ध्वनिमुद्रित झाला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बाजारात आला. जगभरातील असंख्य श्रोते याच अल्बममधून जॅझमध्ये शिरले आहेत. आपल्यासाठी मात्र त्याचे आणखी एक महत्त्व आहे. यातले कलावंत दर दोन ठोक्यांना स्वरसंगती (एकदम वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ, म्हणजे कॉर्ड) बदलण्याची धावपळ बाजूला ठेवून एका स्वरपंक्तीत बराच वेळ राहतात आणि तेथेच बढत करतात. एका स्वरसमूहात मुक्काम करणे म्हणजे काय, हे आपल्या कानाला कोणी शिकवावे लागत नाही.

ऐकण्याआधी

अल्बममध्ये पाच रचना आहेत आणि सगळा मिळून तो पाऊण तासाचा आहे. पहिल्या आठवड्यात तो तीन-चार वेळा सलग, दुसरे कोणतेही काम हाती न घेता ऐकावा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण माझी स्वतःची सुरुवात येथेच फसली होती. हा अल्बम शांत आहे, कोठेही अंगावर येत नाही, त्यामुळे रात्रीची आवराआवर करताना तो मागे लावून ठेवायचा मोह होतो. मी तसेच केले आणि दोन महिन्यांनंतरही मला त्यातले काहीही सांगता आले नसते. हॉटेलात जेवताना मागे वाजते तसले हे संगीत, एवढेच माझे मत झाले होते.

ते बदलले एका योगायोगाने. सकाळी मी रियाजाला बसलो होतो. माझी पट्टी पांढरी दोन (पाश्चात्त्य डी), आणि इलेक्ट्रॉनिक तंबोरा त्याच स्वरावर चालू होता. शेजारच्या खोलीत धाकट्या भावाने हाच अल्बम लावला. मी उठून त्याला आवाज कमी करायला सांगणार, तेवढ्यात लक्षात आले की तो सूर माझ्या तंबोऱ्याशी भांडत नाही. तो डबल बेस, तो पियानो माझ्या षड्जावरच उभे होते. मी बसून राहिलो. अर्ध्या मिनिटानंतर मात्र सगळे एकदम बेसूर झाले, जणू कोणी तंबोऱ्याच्या खुंट्या पिरगाळल्या, आणि पुढच्या पंधरा सेकंदांत पुन्हा जुळून आले. त्या पंधरा सेकंदांनी मला त्या रचनेचा सांगाडा दाखवला.

तंबोऱ्याबरोबर ‘सो व्हॉट’

तेव्हा पहिला प्रयोग हाच करावा. तंबोरा किंवा तंबोऱ्याचे ॲप पांढरी दोनवर षड्ज-पंचमात लावावे, आवाज अगदी हलका ठेवावा, आणि पहिली रचना ‘सो व्हॉट’ सुरू करावी. एक खबरदारी आधीच घ्यावी. मार्चमधल्या सत्रात एक टेप यंत्र किंचित हळू चालत होते, त्यामुळे जुन्या आवृत्त्यांत पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मूळ स्वराहून थोड्या चढ्या वाजतात. १९९० च्या दशकातील पुनर्प्रकाशनांत ही चूक दुरुस्त झाली. जुनी तबकडी किंवा जुनी सीडी असेल तर तंबोरा कानाने थोडा वर सरकवून घ्यावा. पट्टी जुळली नाही तर प्रयोगाचा काहीच उपयोग होणार नाही.

रचनेच्या आरंभी पियानो आणि बेस अर्धा मिनिट मुक्त लयीत बोलतात. तेथे मोजायला जाऊ नये. त्यानंतर लय सुरू होते आणि बेस एक वाक्य विचारतो, पियानो त्याला दोन स्वरगुच्छांचे उत्तर देतो. हे काही वेळा झाले की ट्रम्पेट आणि दोन्ही सॅक्सोफोन तेच उत्तर उचलतात. आपल्याकडे मुखडा परतून येतो तसे ते दोन स्वर पुनःपुन्हा येत राहतात. येथून मोजायला लागावे.

जॅझमध्ये चार ठोक्यांचा एक बार धरतात आणि या रचनेचे एक पूर्ण चक्र बत्तीस बारांचे आहे, म्हणजे एकशे अठ्ठावीस ठोके. आपल्या भाषेत ही तीनतालाची बरोबर आठ आवर्तने होतात. पहिली चार आवर्तने पांढरी दोनच्या षड्जावर आहेत. त्यानंतरची दोन आवर्तने तेच वाक्य, त्याच चालीने, काळी दोनवर म्हणजे अर्धा स्वर वर वाजते, आणि शेवटच्या दोन आवर्तनांत सगळे पुन्हा पांढरी दोनवर उतरते. एका चक्राला जवळजवळ एक मिनिट लागते. तंबोरा चालू असेल तर पाचव्या आवर्तनाच्या समेला षड्ज जागचा हलतो आणि तंबोऱ्याशी उघड भांडण सुरू होते. सातव्याच्या समेला तो परत येतो तेव्हा जे बरे वाटते, तेच या रचनेतले मुख्य नाट्य आहे. खाली-भरी शोधू नये, कारण तशी रचना येथे नाही. उलट दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर झांजेचा हलका दाब ऐकू येईल. आपल्याला पहिल्या ठोक्यावर टाळी देण्याची सवय असते. तो दुसरा-चौथा ठोका पायाने धरायचा सराव केला की लयीचा झोका आपोआप अंगात येतो.

आता स्वर पाहू. मुक्कामाच्या वेळी वाजणारी स्वरपंक्ती आहे सा रे, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, शुद्ध धैवत, कोमल निषाद. पाश्चात्त्य भाषेत तिला डोरियन म्हणतात. आपण तिला काफी थाट म्हणतो. पेटीवर पांढरी दोनपासून केवळ पांढऱ्या पट्ट्या वाजवत वर गेले की हीच पंक्ती मिळते. स्वतः वाजवून पाहावी आणि मग माइल्स डेव्हिस यांचा सोलो, म्हणजे त्यांनी एकट्याने केलेला विस्तार, ऐकावा.

सुमारे दीड मिनिटावर तो सोलो सुरू होतो. ड्रमवादक जिमी कॉब यांच्या झांजेचा एक मोठा झंकार उठतो आणि त्याच्या लहरींवर ट्रम्पेट शिरतो. तेथे पहिल्या दोन आवर्तनांत किती कमी स्वर आहेत ते मोजावे. एक छोटे स्वरवाक्य, मग विश्रांती, मग त्याच वाक्याचा थोडा वेगळा शेवट. ख्यालात उत्तम गायक सुरुवातीला दोन-तीन स्वरांतच राहून पुढची जागा राखून ठेवतो, तोच संयम येथे आहे. माइल्स दोन चक्रे वाजवतात. त्यांच्यानंतर जॉन कोलट्रेन टेनर सॅक्सोफोनवर येतात आणि लगेच जाणवते की हा माणूस त्याच पंक्तीत गर्दी करतो आहे, ताना घेतो आहे, एकाच जागी वेगवेगळ्या बाजूंनी धडका देतो आहे. मग कॅननबॉल ॲडरली यांचा आल्टो सॅक्सोफोन येतो. त्याचा नाद उंच आणि उजळ, बोलणे खेळकर. शेवटी बिल इव्हान्स पियानोवर एकच चक्र घेतात आणि त्यात स्वरांपेक्षा स्वरगुच्छ अधिक आहेत.

चार स्वभाव, एकच स्वरपंक्ती, एकच आठ आवर्तनांचा साचा. दुसऱ्या आठवड्यात हेच काम करावे : रोज या नऊ मिनिटांत एकाच वादकाच्या मागे जावे. एक दिवस फक्त पॉल चेंबर्स यांचा बेस ऐकावा. सगळे सोलो संपेपर्यंत तो एकेका ठोक्याला एकेक पाऊल टाकत चालत असतो, आणि आपण तबल्याचा ठेका जसा न ऐकता ऐकतो तसा तोही आजवर न ऐकताच ऐकलेला असतो.

हात कोठे सोडावा

काफी थाट सापडला याचा आनंद मोठा असतो, आणि येथेच चूक होते. थाट म्हणजे राग नव्हे, हे आपण आपल्या संगीतात जाणतो, ते येथेही विसरू नये. या रचनेत वादी-संवादी नाहीत, अमुक स्वर अवरोहातच घ्यावा असा नियम नाही, न्यासाच्या ठरलेल्या जागा नाहीत, वर्ज्य स्वर लागला म्हणून कोणी दचकत नाही. कोलट्रेन पंक्तीबाहेरचा स्वर लावतात तो विवादी म्हणून चाखत नाहीत. त्यांच्या दृष्टीने तो दोन स्वरांमधला रस्ता असतो, आणि कधी मुद्दाम निर्माण केलेला ताणही असतो. शिवाय काफी राग ऐकताना आपल्या मनात होरी, ठुमरी, फाल्गुन असे जे सारे जागे होते, त्यातले काहीही या संगीताच्या मनात नाही. त्याच्या मागे आफ्रिकन-अमेरिकन समाजाचे ब्लूज आहे, चर्चमधले गाणे आहे, रात्री उशिरापर्यंत चालणारे क्लब आहेत. बेसचा प्रश्न आणि पियानोचे उत्तर हा ढंगच मुळी त्या चर्चमधून येतो, जेथे उपदेशकाच्या वाक्याला जमलेले लोक ‘आमेन’ म्हणून साद देतात.

म्हणून तंबोऱ्याचा प्रयोग आठ-दहा दिवसच करावा. षड्ज कोठे सरकतो हे तंबोऱ्याशिवाय ऐकू यायला लागले की तो बंद करावा. मी स्वतः हे उशिरा केले आणि त्यामुळे बरेच दिवस जॅझमध्ये फक्त आपल्या रागांच्या सावल्या शोधत राहिलो. एका रागप्रेमी मित्राने तर प्रत्येक सोलोला ‘हा बागेश्री, हा भीमपलास’ अशी नावे देण्याचा छंद लावून घेतला, आणि त्या नादात ट्रम्पेटच्या आवाजातला दम, त्यातली फुंक, मध्येच फाटणारा स्वर यांकडे त्याचे लक्षच गेले नाही. या संगीतात नादाचा पोत ही निम्मी गोष्ट आहे.

उरलेल्या चार रचना

दुसरी रचना ‘फ्रेडी फ्रीलोडर’ ही बारा बारांची ब्लूज आहे आणि येथे पियानोवर बिल इव्हान्स नसून विंटन केली आहेत. ब्लूजचा साचा समजला तर जॅझच नव्हे, रॉक आणि सोलसुद्धा उलगडायला लागतात, म्हणून येथे वेळ द्यावा. बारा बार म्हणजे तीनतालाची तीन आवर्तने. पहिल्या आवर्तनात आधार षड्जावर असतो. दुसऱ्याच्या पूर्वार्धात तो मध्यमावर जातो आणि उत्तरार्धात षड्जावर परततो. तिसऱ्यात पंचमापासून खाली उतरत घरी येतो. या विशिष्ट रचनेत शेवटचे दोन बार कोमल निषादावर रेंगाळतात, त्यामुळे घर दिसत असूनही माणूस दारातच उभा आहे असे वाटत राहते. पेटीवर काळी पाचचा षड्ज धरून फक्त हे आधारस्वर डाव्या हाताने लांब धरावेत आणि वर रचना चालू ठेवावी. तीन-चार चक्रांत बोटे स्वतःहून मध्यमाकडे वळू लागतात.

‘ब्लू इन ग्रीन’ अगदी संथ आणि छोटी आहे. ती मोजू नये. ट्रम्पेटच्या तोंडाला आवाज दाबणारा धातूचा म्यूट लावल्यावर आवाज कसा बारीक, दूरचा आणि तरीही कानाशी कुजबुजणारा होतो, तेवढे ऐकले तरी पुरे.

‘ऑल ब्लूज’ सहा ठोक्यांची आहे, त्यामुळे दादऱ्याच्या मोजणीने ती लगेच हाती येते. षड्ज पांढरी पाच. सुरुवातीचे चार बार खमाज थाटाचे स्वर असतात आणि पाचव्या बाराला गंधार कोमल होतो, तो क्षण पकडावा. तेवढ्या एका स्वराने सगळा प्रकाश बदलतो. दोन्ही सॅक्सोफोन खाली झुलत राहणारी जी आकृती वाजवतात, तिच्यावर मन टेकवून ठेवले की वरचे सारे सैल सोडता येते. अनेक मराठी श्रोत्यांना या अल्बममधली ही रचना सर्वांत आधी आवडते असे मी पाहिले आहे.

शेवटची ‘फ्लॅमेंको स्केचेस’ ही माझ्या मते आपल्या कानासाठी सर्वांत मोलाची. येथे ठरलेली चाल नाही. पाच स्वरपंक्ती एकामागून एक येतात आणि वाजवणारा प्रत्येकीत हवा तेवढा वेळ थांबतो, मन भरले की पुढच्या पंक्तीत जातो. रागमालेची आठवण होते, पण येथे गाठी मुद्दाम दाखवल्या जात नाहीत. चौथी पंक्ती स्पॅनिश रंगाची आहे. तिच्यातला कोमल ऋषभ ऐकताच भैरवीकडे मान वळेल. प्रत्येक वादक त्या चौथ्या खोलीत किती वेळ थांबतो हे घड्याळ लावून पाहावे. अल्बमच्या मलपृष्ठावरील टिपणात बिल इव्हान्स यांनी एका जपानी चित्रप्रकाराचा दाखला दिला आहे, ज्यात पातळ ताणलेल्या कागदावर कुंचला न थांबवता, खोडाखोड न करता चित्र काढावे लागते. माइल्स यांनी रचनांचे केवळ आराखडे ध्वनिमुद्रणापूर्वी काही तास आधी तयार केले होते, असेही ते त्यात सांगतात. बंदिशीचा मुखडा तेवढा ठरलेला आणि बाकी सारे उपजेचे, या आपल्या पद्धतीला हे किती जवळचे आहे ते वेगळे सांगायला नको.

अल्बमवरची नावे घेऊन पुढे

महिना झाला की यादी करायची वेळ आली, पण ती इतरांची नको. ती याच अल्बममधून निघाली पाहिजे. ज्या वादकाचा सोलो तुम्ही पुनःपुन्हा मागे नेऊन ऐकलात, त्याचे नाव धरून पुढे जावे.

कोलट्रेन आवडले असतील तर ‘जायंट स्टेप्स’ घ्यावा. ‘काइंड ऑफ ब्लू’चे दुसरे सत्र संपून दोन आठवडे होण्याच्या आत, मे १९५९ मध्ये, त्यांनी ती रचना ध्वनिमुद्रित केली, आणि ती ‘सो व्हॉट’च्या नेमकी उलट आहे : अतिशय द्रुत लय आणि जवळजवळ दर दोन ठोक्यांना बदलणारी स्वरसंगती. एकाच माणसाने एकाच ऋतूत या दोन टोकांवर वाजवले हे कानाने अनुभवले की माइल्स यांनी काय बाजूला ठेवले होते ते नेमके कळते. त्यानंतर डिसेंबर १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला ‘अ लव्ह सुप्रीम’ ऐकावा. तो भक्तीचा अल्बम आहे आणि मराठी माणसाला त्यातली आर्तता समजावून सांगावी लागत नाही. भारतीय संगीताविषयी कोलट्रेन यांना मनापासून ओढ होती. १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी पंडित रविशंकर यांच्यावरून रवी ठेवले.

बिल इव्हान्स यांच्यासाठी ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’, जून १९६१ मधील एका रविवारच्या मैफलीचा. त्यात मागे श्रोत्यांची कुजबुज आणि पेल्यांची किणकिणसुद्धा ऐकू येते. ॲडरली यांच्यासाठी ‘समथिन एल्स’, ज्यात माइल्स त्यांच्या साथीला आहेत.

मागे जायचे असेल तर आपल्याच घरातून एक रस्ता आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात जॅझ आणले ते मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट, म्हणजे मूळ गोव्याचे अँतोनियो झेवियर वाझ, स्वतः जॅझ वाद्यवृंद चालवत असत. १९५१ च्या ‘अलबेला’तील गाण्यांत वाद्यांचा जो उसळता भाग आहे तो नीट ऐकावा आणि मग १९२० च्या दशकातील लुई आर्मस्ट्राँग यांच्या ध्वनिमुद्रिका लावाव्यात. दोन्हींचे नाते कानाला लगेच कळते.

दार उघडणाऱ्या अल्बमकडे कसे पाहावे

हीच रीत उलट दिशेने वापरता येते. परदेशात वाढलेली भाची किंवा रागसंगीताचा कंटाळा करणारा मित्र यांना थेट दीड तासाचा विलंबित ख्याल ऐकायला बसवू नये. १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ द्यावा. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस असे त्याचे कथासूत्र आहे. सकाळी अहिरभैरव आणि नटभैरव, मग पिलू, संध्याकाळी भूप, रात्रीकडे देस आणि शेवटी पहाडी. ‘एचएमव्ही’च्या वतीने त्याची निर्मिती करणारे जी. एन. जोशी हे स्वतः मराठी भावगीताच्या आरंभकाळातले गायक होते, आणि तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीवर श्रोत्याला धरून कसे ठेवावे हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्या काळी संतूर आणि गिटार ही वाद्ये शास्त्रीय संगीताच्या मंचावर भारतीय श्रोत्यांनाही नवीन होती. स्वर धरून मींड घेता येत नाही अशा संतुरावर राग वाजवता येईल का, ही शंका जाणकार बोलून दाखवत. तेव्हा या अल्बमने रागाची वेळ नवख्यांना दाखवली आणि संतुराचा नाद जुन्यांना.

पण त्यात लांब आलाप नाही, हे पाहुण्याला सांगून ठेवावे. पहिला भाग बारा मिनिटांचा, बाकीचे त्याहून लहान. अल्बम आवडला की शिवकुमारजींचा एकच राग आलाप, जोड, झाल्यासह पूर्ण ऐकवावा. नाहीतर माणूस कायम त्या दरीतच फिरत राहतो.

अशा अल्बमबाबत आणखी एक सवय लावून घ्यावी : मुखपृष्ठावरचे मोठे नाव वाचून झाले की आतली लहान नावे वाचावीत. १९८६ च्या ‘ग्रेसलँड’मधून जगाने दक्षिण आफ्रिकेचे संगीत ऐकले. मुखपृष्ठावर पॉल सायमन यांचे नाव आहे, पण त्यातील समूहगान जोसेफ शबालाला यांच्या ‘लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो’ या संघाचे आहे, आणि स्वतःच्या देशात तो संघ त्याआधीच नामवंत होता. वर्णद्वेषी राजवटीवर सांस्कृतिक बहिष्कार असताना जोहान्सबर्गला जाऊन ध्वनिमुद्रण केल्याबद्दल सायमन यांच्यावर टीकाही झाली, ती समजून घेऊनच तो अल्बम ऐकावा. क्यूबाच्या जुन्या गायक-वादकांना जगापुढे आणणारा १९९७ चा ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ ऐकला तर इब्राहिम फेरर, रुबेन गोन्सालेस, ओमारा पोर्तुओन्दो ही नावे लिहून घ्यावीत आणि त्यांच्या तरुणपणच्या ध्वनिमुद्रिका शोधाव्यात. अल्बम विकत आणणाऱ्याच्या दृष्टीने ते नवे संगीत असते. गाणाऱ्यांच्या आयुष्यात ते पन्नास वर्षांचे असते.

मैफलीला जाताना

महिना-दीड महिना असा घालवल्यावर प्रत्यक्ष जॅझ ऐकायला जावे. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात असे कार्यक्रम होतात, पुण्यात आणि गोव्यातही छोट्या जागांवर चांगले वादक वाजवतात. शक्यतो पुढे आणि ड्रमच्या थोडे बाजूला बसावे, म्हणजे झांजेच्या गोंगाटात बेस हरवत नाही. आपल्याकडे दाद समेवर आणि जागेवर दिली जाते. येथे एका वादकाचा सोलो संपला की रचना चालू असतानाच टाळ्या पडतात आणि त्या टाळ्यांतच पुढचा वादक सुरुवात करतो. सोलो नेमका कोठे संपला हे नवख्याला कळत नाही, म्हणून तो शेजाऱ्यांकडे पाहून टाळी वाजवतो. आपण मात्र मुख्य चाल वाजत असतानाच चक्र किती आवर्तनांचे आहे ते बोटांवर मोजून ठेवावे. बत्तीस बार असतील तर आठ, ब्लूज असेल तर तीन. सोलो चक्राच्या अखेरीसच संपतात, त्यामुळे वादकाने वाद्य तोंडापासून दूर करायच्या आधीच आपले हात टाळीसाठी वर आलेले असतात.